अंगभर तीट

मद्रासवर माझा जीव जडला तो मिरजेत. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. आमच्या शेजारी रेल्वेतल्या एका गार्डाचं मद्रासी बिऱ्हाड होतं. गार्डाच्या बायकोला मूल नव्हतं. ती मला दुपारची बोलावून माझी वेणी घालायची, त्यात अबोलीचा गजरा माळायची आणि हात चालू असताना आपल्या गावाच्या गोष्टी सांगायची. गल्लीच्या टोकाला समुद्र, देवळापुढं मोठं तळं, पहाटे दारोदार कॉफीचा वास. मिरजेच्या धुळीत बसून मला तो समुद्र दिसायचा.

"एंग ऊरु मद्रास," ती म्हणायची. ऊरु म्हणजे गाव, हे मला कळलं होतं. एकदा मीही ऐटीत म्हणाले, "नम्म ऊरु मद्रास." ती इतकी हसली की माझी अर्धी वेणी तिच्या हातातून सुटली. मग तिनं समजावलं. एंग म्हणजे आमचं, समोरच्याला सोडून. नम्म म्हणजे आपलं, समोरच्याला धरून. "मद्रास आमचं आहे गं. आपलं अजून कुठं झालंय?"

मराठीतही आमचं आणि आपलं वेगळं असतंच, त्यामुळं मला ते चटकन कळलं आणि चटकन रागही आला. घरी येऊन मी आईला बजावलं की मी मोठी झाले की मद्रासला राहायला जाणार. आई म्हणाली, "आधी परकर धुवायला टाक."

लग्नानंतर काही वर्षांनी यांची बदली खरोखरच मद्रासला झाली. हे केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून होते. पेपरात तेव्हा भाषावार प्रांतांचे वाद पेटले होते आणि घरात सगळ्यांचे चेहरे असे, की आम्ही काळ्या पाण्यावर निघालो आहोत. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मी मात्र ट्रंक भरताना गुणगुणत होते, आणि ते त्यांनी ऐकलं, ते त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत.

मैलापुरात आम्हाला एका जुन्या घराचा मागचा भाग भाड्यानं मिळाला. दोन खोल्या, आणि मालकांसोबत सामाईक अंगण नि विहीर. मालक वकील होते. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. मद्रासच्या त्या उकाड्यात ते रोज काळा कोट चढवून, छत्री घेऊन कोर्टात जायचे आणि संध्याकाळी कोट दोरीवर वाळत घालायचे. घर चालायचं ते मामींच्या हुकमावर. मामी पन्नाशीच्या, ठेंगण्या, नाकात दोन्हीकडे हिऱ्याच्या चमक्या. माझं मिरजेतलं तमिळ ऐकून त्या पहिल्या दिवशी हसल्या, तेव्हा वाटलं, जमलं.

पण मामींचं प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं ते "एंग आत्तुले" नं. आत्तु म्हणजे घर. आमच्या घरात विहिरीला बाहेरची कळशी लावत नाहीत. आमच्या घरात रात्रीचं सकाळी खात नाहीत. आमच्या घरात शुक्रवारी केस कापत नाहीत. मी सगळं शिकत गेले. दारापुढं तांदळाच्या पिठाचं कोलम काढू लागले, तांब्या ओठाला न लावता वरून पाणी प्यायला शिकले, त्यात दोन-तीनदा अंगभर भिजले. मामी मान डोलवायच्या, चुकलं की पुन्हा करून दाखवायच्या. पण "नम्म" काही त्यांच्या तोंडून निघेना. मी वाट पाहत होते. हे वेड कुणालाच कळलं नसतं, म्हणून मी ते कुणाला सांगितलंही नाही.

मग संक्रांत आली. त्यांचा पोंगल आणि आपली संक्रांत एकाच दिवशी. मला वाटलं, आता आपल्याकडूनही काहीतरी द्यावं. मी तिळाच्या वड्या केल्या, हलवा केला, आईनं दिलेली काळी चंद्रकळा नेसले, नथ घातली. अंगणात मामींचं पोंगलाचं भांडं नुकतंच उतू गेलं होतं, भोवती ऊस बांधलेले, हळदीची ओली रोपं. मी वाटी घेऊन त्यांच्यापुढं गेले, वाकून नमस्कार केला आणि वडी हातावर ठेवायला हात पुढं केला.

मामींनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

त्यांनी आधी माझ्या लुगड्याकडं पाहिलं, मग वाटीकडं. "आजच्या दिवशी?" एवढंच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मामा अवघडून आभाळाकडं बघत राहिले. मला काहीच उमगेना. मी तशीच गल्लीत दोन घरं फिरले. तिथंही हात मागंच गेले.

शेवटी समोरच्या टीचरबाईंनी मला दंडाला धरून आपल्या घरात ओढलं. या तंजावरकडच्या मराठी. मुलींच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचं मराठी आपल्या पणजोबांच्या काळातलं, आणि चाल मात्र तमिळ.

"काळें नेसून पोंगलादिवशीं तीळ वांटतेस काय गे?" त्या म्हणाल्या. "येथें तीळ म्हणजे श्राद्ध. पितरांना देतात तें. हातीं हातीं तर कधींच द्यायचें नाहीं. आणि वर काळें! जालें तें जालें. शरी, बरें, आतां रडूं नको."

तीळ पितरांचे हे मला काय माहीत नव्हतं? तिलांजली आपणही देतोच की. पण संक्रांतीच्या वडीचा आणि त्या तिळाचा संबंध माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. गोड बोला म्हणायला गेले आणि दारोदार अशुभ वाटून आले. करायला गेले गणपती नि झाला मारुती.

एवढ्यावर निभावलं असतं. पण त्याच महिन्यात मामा विहिरीजवळच्या ओल्या फरशीवर घसरले आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. मला कुणी तोंडावर काही म्हटलं नाही. पण मामींचं माझ्याशी बोलणं बंद झालं, आणि काही दिवसांनी त्यांनी यांना निरोप दिला की चित्तिरै महिन्यात, म्हणजे त्यांच्या वर्षारंभाला, जागा रिकामी करून द्या.

यांना तर आनंदच झाला. भात खाऊन खाऊन ते कंटाळले होते. "अगं, बरंच झालं. पुण्याला बदली मागतो. तिथं तिळगूळ दिलास तर कुणी हात मागं घेणार नाही."

"मला नाही जायचं पुण्याला," मी म्हणाले, आणि मग माझा तोल सुटला. "मामांचा रोजचा कोट काळा चालतो, आणि माझं वर्षातून एका दिवसाचं लुगडं चालत नाही? तो दोरीवर वाळत असतो तेव्हा नाही वाटत अशुभ?" मी हे मराठीत, पण चांगलं अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाले. मामा पलीकडं आरामखुर्चीत पाय बांधून पडले होते. त्यांना किती कळलं कोण जाणे. कोट हा शब्द मात्र कळला असणार.

त्या दिवसांत मी फार एकटी पडले. समुद्रावर जाऊन बसायचे. ज्या गावासाठी मी एवढी वर्षं झुरले, ते मला दारातून परत पाठवत होतं, आणि दोष द्यायला कुणी नव्हतं. मामींचंही चुकत नव्हतं, माझंही नाही. कुणाचं तरी चुकलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

एका सकाळी विहिरीवर पाणी शेंदताना मला भडभडून उलटी झाली. मान वर केली तर मामी समोर. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, माझ्या हातातला दोर काढून घेतला आणि म्हणाल्या, "आत जा. आजपासून पाणी मी काढीन." मला दिवस गेले आहेत हे मला पुरतं कळायच्या आधी त्यांना कळलं होतं. थोड्या वेळानं दारात वाटी आली. खारवलेल्या नारत्तंगायची फोड, म्हणजे आपल्या म्हाळुंगासारखं आंबट फळ. ती चोखली आणि पोट शांत झालं.

चित्तिरै आला आणि गेला. जागा रिकामी करायचं मामींनी नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. पोटुशी बाईला त्या घराबाहेर काढणार नाहीत, हे मला कळत होतं. पण बाळंत झाल्यावर काय, हे कळत नव्हतं. त्यांनी ठेवून घेतलं होतं ते मला की पोटातल्या जिवाला, ही सल मनात राहिलीच.

बाळंतपणाला आई येऊ शकली नाही, बाबा आजारी होते. सातव्या महिन्यात मामींनीच अंगणात पाट मांडून आईच्या जागी बसून माझ्या हातात काचेच्या बांगड्या भरल्या. "एंग आत्तुले सातव्यात बांगड्या भरतात," त्या म्हणाल्या. माझे डोळे भरून आले होते, तरी ते "एंग" माझ्या कानांनी बरोबर टिपलं.

कार्तिकातले दिवे लागले तेव्हा मला मुलगी झाली. मामी तिला पसरलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या. मामांचा पाय जेमतेम जुळला होता, पण कोर्टाच्या पायऱ्या काही पुन्हा चढता आल्या नाहीत. कोट खुंटीला लागला तो लागलाच. ते आरामखुर्चीत बाळाला मांडीवर घेऊन तिची उलटतपासणी घ्यायचे. "काल रात्री आपण कोणत्या कारणानं रडत होतात? खरं सांगा."

आणि पुन्हा संक्रांत आली. लेकीची पहिली संक्रांत. आपल्याकडं पहिल्या संक्रांतीला मुलाला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने घालायचे आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतून बोरन्हाण करायचं. आईनं मिरजेहून हलव्याचे दागिने पाठवले होते. मी ते डब्यात घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवले. यंदा काळं नाही, तीळ नाही, काही नाही. हे ठरवलं आणि मग ट्रंकेवर डोकं टेकून खूप रडले. मद्रासला आपलंसं करायला निघालेली मी, आणि तिळाएवढी गोष्ट सोडताना जीव तुटत होता. टीचरबाई नेमक्या तेव्हाच आल्या. त्यांनी माझ्या तोंडून सगळं काढून घेतलं आणि निघून गेल्या.

पोंगलाच्या सकाळी मी हिरवं लुगडं नेसले, बाळाला पिवळा अंगरखा घातला. भांडं उतू गेलं. मी नमस्काराला वाकले, तेव्हा मामी म्हणाल्या, "हिला हे काय घातलंस?"

त्यांनी कमरेला खोचलेली एक घडी काढली. काळं झबलं. हातानं शिवलेलं, टाके बारीक. कापड मऊ, चमकदार, ओळखीचं वाटलं. मी खुंटीकडं पाहिलं. मामांच्या कोटाला आतलं अस्तर नव्हतं. झबल्याच्या एका कोपऱ्याला हळदीचं बोट लावलेलं होतं, नवं कापड अंगाला लावण्याआधी त्या नेहमी लावत तसं.

"मामी, पण काळं..."

"टीचरनं सांगितलं मला. मी पुष्कळ विचार केला," त्या म्हणाल्या. "आम्ही मुलाच्या गालाला काळी तीट लावतो. दृष्ट लागू नये म्हणून. तुम्ही ती अंगभर लावता. एवढंच ना?"

आरामखुर्चीतून मामा म्हणाले, "कोटानं हरकत घेतलेली नाही."

मी ट्रंकेतून डबा काढला. मद्रासच्या दमट हवेत दागिने अर्धे चिकटून गेले होते, पण बाजूबंद नि मुकुट निघाले. बाळाला नटवलं. मामींनी स्वतः पुढं होऊन तिच्या डोक्यावरून चुरमुरे ओतले. बाळ शिंकलं. मग त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि ते? गेल्या वर्षीचं?"

वड्या मी केल्या नव्हत्या. डब्याच्या तळाशी सुटून पडलेला हलवा होता, तो मी चिमटीत धरला. हात आपोआप पुढं गेला आणि मी घाबरून मागं घेतला.

"हातात नको," मामी म्हणाल्या. त्यांनी मान मागं टाकली आणि लहान मुलासारखं तोंड उघडलं. "वरून टाक."

मी वरून हलवा सोडला. दोन दाणे गालावर पडले, बाकीचे आत गेले. त्या चावत होत्या आणि मला हसू नि रडू एकदमच येत होतं. "गोड बोला," मी कसंबसं म्हणाले.

तेवढ्यात पलीकडच्या घरातली बाई कोलम बघायला म्हणून दाराशी आली आणि बाळाला पाहून थबकलीच. "अय्यो, पोंगलादिवशी पोरीला काळं? हे कुठलं नवीन?"

मामींनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गालावरचे दोन दाणे बोटानं टिपून तोंडात टाकत त्या माझ्याशीच बोलल्या.

"नम्म आत्तु वळक्कम्. सांग तिला. आपल्या घरची रीत आहे म्हणावं."

मी दाराकडं वळले, तोंड उघडलं. पण "नम्म" च्या पुढं मला काही जाता आलं नाही.