सुनंदाला काय व्हायचं होतं

शाळेच्या दारात यंदाच्या बारावीच्या मुलांचा फलक लागला आहे. प्रत्येक फोटोखाली छंद आणि पुढे काय व्हायचं ते ज्याच्या त्याच्या अक्षरात. कबड्डी खेळणाऱ्या एकाला न्यायाधीश व्हायचंय. एकीने दोनदा खोडून 'अजून ठरलं नाही' असं लिहिलंय, आणि ते खोडलेलंही तसंच ठेवलंय.

वर्गशिक्षक असताना हा फलक मी करायचो. मुलांनी दिलेल्या चिठ्ठ्या माझ्या वळणदार अक्षरात उतरवायचो, आणि उतरवताना थोडं 'नीट'ही करायचो. सुनंदाने वैमानिक लिहिलं होतं. मी शिक्षिका लिहिलं.

"सर, मी हे नव्हतं लिहिलं."

"अगं, गावातले लोक हसतील."

"हसू देत की. त्यांना कुठे विमानात बसवणार आहे मी?"

वर्ग हसला, मीही हसलो. फलक तसाच राहिला. सतराव्या वर्षी बोललेलं सगळंच खरं होत नाही, पण ते ज्याचं त्याला बोलू तरी द्यावं.

सुनंदा आता याच शाळेत शिकवते. परवा तिच्या सत्कारात मुख्याध्यापकांनी तो जुना फलक उंच धरला. "बघा, बाईंना तेव्हापासून शिक्षिकाच व्हायचं होतं!" टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत बसून मीही वाजवल्या. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं नाही.

दारातला हा नवा फलक तिनेच केलाय. परवा उठून जे बोलायला हवं होतं, ते आज लिहितो. ते अक्षर माझं होतं.