खारं मांस, आमच्या घरचं

कुवेतमधल्या पहिल्या ईस्टरला मी मांडीचं मांस आणलं आणि फसले. सालमियात आमच्या इमारतीजवळ जमिया आहे, म्हणजे इथलं सहकारी दुकान. तिथल्या काचेमागे तो तुकडा फार देखणा दिसत होता. गडद लाल, गोल, चरबीचा ठिपका नाही. शेजारी छातीचा लांबट तुकडा होता, पण त्याच्यावर पांढऱ्या चरबीचा जाड थर. परदेशात आलोय तर जरा चांगलं, स्वच्छ घ्यावं, असं मनात आलं. घरी आणून लिंबू-मीठ चोळलं, फ्रिजमध्ये वजनाखाली दाबून ठेवलं, सणाला उकडलं, आणि ताटात आलं ते सुंभ. नवरा एक घास बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, “कंपनीच्या इन्शुरन्समध्ये दात बसतात का, विचारायला हवं.”

आम्ही वसईकडचे कॅथलिक. घरात मराठी, प्रार्थना मराठीत, भांडणंही मराठीत. मी जाब्रियातल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, नवरा एका कंपनीत अकाउंट्स बघतो. गावी सणाला डुकराचं व्हायचं आणि बीफचंही, पण कुवेतमध्ये डुकराचं मांस मिळत नाही, त्यामुळे सणाचा सगळा भार खाऱ्या बीफवर येतो. इथल्या दुकानांत त्याला कॉर्न्ड बीफ म्हणतात. माझ्या वॉर्डातल्या फिलिपिनो मैत्रिणी ते डब्यातलं आणतात, बटाटा-कांद्यावर परततात, वर अंडं फोडतात. चवीला बरं लागतं. पण आमच्या घरी जे होतं ते वेगळं. आई अख्खा तुकडा काट्याने सगळीकडून टोचायची, मीठ, लिंबू आणि रंगासाठी चिमूटभर सोरा चोळायची, आणि वर पाट्याचा दगड ठेवायची. रोज सकाळी चर्चला जायच्या आधी तो उलटायचा, ही तिची शिस्त.

मी फोनवर फजिती सांगितली तेव्हा ती हसली नाही, उलट चिडली.

“मांडी घ्यायला तुला कुणी सांगितलं? मांडी कुर्म्याला. खारवायला छाती लागते. चरबी दिसली की घाबरतेस कशाला, तीच तर त्याला ओली ठेवते.”

दुसऱ्या वर्षी मी छाती आणली. तेव्हा कळलं की छातीतही दोन तऱ्हा असतात. एक पातळ, सपाट भाग. त्याच्या चकत्या सुबक पडतात, पाहुण्यांना तोच वाढावा. दुसरा जाड, वेडावाकडा, आतपर्यंत चरबी मुरलेला. त्याची नीट चकती होत नाही, तो तुटतो, पण चव सगळी त्यातच. मी दोन्ही जोडलेला अख्खा तुकडा घ्यायला लागले. खारवून झालं की मीठ धुऊन टाकायचं, पातेल्यात पाणी, तमालपत्र, काळी मिरी, लसणाचा गड्डा, आणि आच इतकी मंद की पाणी नुसतं थरथरावं. खळाखळा उकळलं की संपलं. कापताना धाग्याच्या आडवं कापायचं. एका नाताळात जीभही केली. जीभ शिजल्यावर गरम असतानाच सोलावी लागते, गार झाली की साल सुटत नाही. माझ्या मुलीने ते बघितलं आणि “दॅट्स डिस्गस्टिंग, मम्मा” म्हणून आत निघून गेली. जेवताना मात्र तिने तिसऱ्यांदा वाढून घेतलं. सोरा मी इथे कधी वापरला नाही. त्यामुळे माझ्या मांसाला आईसारखा गुलाबी रंग येत नाही, करडा येतो. येऊ दे.

आमच्या इमारतीत आणि मागच्या गल्लीत मिळून बरीच मराठी कुटुंबं आहेत, बहुतेक पुण्या-मुंबईची, बँकांत आणि आयटीत काम करणारी. महिन्यातून एकदा शुक्रवारी कुणाकडे तरी जेवण असायचं. तिसऱ्या मजल्यावर पुण्याच्या वहिनी राहायच्या, आम्ही पाचव्यावर. त्यांची-माझी चांगली गट्टी. मुली एकाच शाळेच्या बसने जायच्या, माझी ड्यूटी लांबली की माझी मुलगी त्यांच्याकडेच जेवायची. त्या शाकाहारी, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांच्या घरी मी कधी मांसाहार नेला नाही. आमच्या घरी बीफ शिजतं हे त्यांना माहीत असावं, पण आम्ही दोघींनी तो विषय कधी काढला नव्हता. ते शिजत असताना मी डक्टची खिडकी लावून घ्यायचे आणि घरभर बखूरचा, म्हणजे इथल्या अरबी धुपाचा, धूर करायचे.

मग एका वर्षी वहिनींचे सासरे काही महिन्यांसाठी आले होते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या, उपवासाआधी मी एकदा छाती शिजवली. खिडकीचा खिट्टा मोडला होता, ती नीट लागली नाही. दुसऱ्या दिवशी मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला. नाव कुणाचं नव्हतं. इमारतीतल्या काही घरांतून येणाऱ्या वासामुळे ज्येष्ठांना त्रास होतो, तरी सर्वांनी आपल्या मराठी संस्कृतीचं भान ठेवावं, अशी विनंती. खाली हात जोडल्याची चित्रं एकामागून एक येत राहिली.

मी तेव्हा हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत होते. संदेश दोनदा वाचला. वासाबद्दल राग आला नाही. वास येतो, खरं आहे. मला राग आला ‘मराठी’ या शब्दाचा. कुवेतला आल्यापासून किती जणांनी मला विचारलं होतं, तुम्ही इतकं छान मराठी कसं बोलता? दर वेळी मी हसून, आम्ही वसईचे, असं म्हणायचे. जणू त्याचा खुलासा द्यायला हवा होता. त्या दिवशी चहा गार झाला आणि मी ग्रुपवर लिहिलं: “तो वास माझ्या घरचा आहे. मी मराठी आहे आणि ते माझ्या घरचं जेवण आहे. ईस्टरला पुन्हा शिजेल. ज्यांना जेवायला यायचं असेल त्यांनी जरूर यावं.”

हात जोडलेली चित्रं थांबली.

संध्याकाळी ग्रुप चालवणारे भाऊ दारात आले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने मऊ, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारे. मी आत बोलावलं, ते उंबऱ्यातच उभे राहिले. आधी नवऱ्याची, मुलीची चौकशी केली. मग म्हणाले की गैरसमज झाला, कुणाला दुखवायचा हेतू नव्हता, पण मी ग्रुपवर असं उघड लिहायला नको होतं.

“ताई, आपण इथे मूठभर मराठी माणसं. एकमेकांच्या भावना जपायला नकोत का?”

मी त्यांना विचारलं की दुसऱ्या मजल्यावरचं इजिप्तचं कुटुंब रोज बीफ शिजवतं, त्यांच्या दारात ते गेले होते का.

“त्यांचं वेगळं. त्यांचं खाणंच ते. तुम्ही आपल्यातल्या.”

“मी आपल्यातली असेन, तर हे खाणंही आपल्यातलंच झालं,” मी म्हणाले. “माझी आई करते, तिची आई करायची. दोघींनाही मराठीशिवाय दुसरी भाषा कधी आली नाही.”

मग त्यांनी मध्यम मार्ग सुचवला. वहिनींचे सासरे असेपर्यंत मी ते एखाद्या मैत्रिणीच्या घरी शिजवून आणावं. पुढे माझ्या सोयीनं.

माझा आवाज चढला नाही, याचं मला अजून बरं वाटतं. मी म्हणाले, “भाऊ, मी तुमच्याकडे इतकी वर्षं जेवले. तुमच्या ताटात काय असावं, हे कधी सांगितलं नाही. माझ्या पातेल्यावर झाकण तुम्ही ठेवू नका.”

ते निघून गेले. नवरा आतून सगळं ऐकत होता. थोडं सबुरीनं घ्यायला हवं होतं, असं त्याचं मत पडलं. आपण परक्या देशात आहोत, मुलीला कधी कुणाकडे सोडायची वेळ येते. त्याचं चूक नव्हतं. मी त्याला एवढंच सांगितलं की मी आता डक्टची खिडकी लावणार नाही, आणि खिट्टाही दुरुस्त करायचा नाही.

ईस्टरआधीचा पवित्र आठवडा सुरू झाला तशी मी जमियात गेले आणि काउंटरवरच्या माणसाला छातीचा सगळ्यात मोठा तुकडा द्यायला सांगितला, दोन्ही भाग जोडलेला, चरबी न छाटता. तुकडा फ्रिजमध्ये बसेना. भाज्यांचा कप्पा काढून टाकावा लागला. वर ठेवायला दगड नव्हता, म्हणून पाण्याच्या बाटल्या रचल्या. आम्ही स्वतः उपवासात, भाजी-भाकरी खात होतो, आणि दार उघडलं की ते मांस समोर. मुलीने विचारलं, “पण इतकं कोण खाणार? देअर आर थ्री ऑफ अस.” मी म्हणाले, येतील कुणी. कोण ते मलाही माहीत नव्हतं.

ईस्टरचा रविवार इथे कामाचा दिवस असतो. मी सुटी घेतली. सकाळपासून पातेलं मंद आचेवर ठेवलं आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी टाकली. बखूर पेटवला नाही. दुपारी वॉर्डातल्या दोन मैत्रिणी आल्या. आणि सातव्या मजल्यावरची आपा आली. ती रत्नागिरीकडची मुसलमान, सालमियातच शिवणकामाचं दुकान चालवते. ती ग्रुपवर होती, पण तिथे कधी बोलायची नाही. मी जाड, चरबीचा भाग तिच्या ताटात वाढला. तिने आधी वास घेतला, मग खाल्लं, आणि मग मला सांगितलं की गावी असतो तर तिला माझ्याकडे हे खाता आलं नसतं, हलाल नाही म्हणून. इथे सगळंच मांस हलाल, त्यामुळे ती माझ्या टेबलाशी बसू शकली. “आपल्या मुलखात जमलं नसतं, ते इकडं जमलं बघ,” ती म्हणाली. आम्ही दोघी तिच्या गावच्या आणि माझ्या गावच्या माशांवर भांडलो. मांस जवळपास संपलं.

वहिनी त्या दिवशी आल्या नाहीत. त्यानंतरही बरेच दिवस नाही. लिफ्टमध्ये भेटल्या की मुलींच्या परीक्षांबद्दल बोलायच्या आणि आकड्यांकडे बघत राहायच्या. मला वाईट वाटायचं, पण आपण होऊन खाली जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मग सासरे परत गेल्यावर एका दुपारी त्यांनी बेल वाजवली. नेमकी मी पिंढरीचं मांस शिजवत होते. त्या आत आल्या, पदराने नाक झाकायला हात उचलला आणि खाली घेतला.

“वास येतो मला,” त्या म्हणाल्या. “मी बाल्कनीजवळ बसते.”

मी चहा केला. त्या बाल्कनीजवळ बसल्या, मी गॅस चालूच ठेवला. संदेश कुणी लिहिला, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जाताना त्यांनी मुलीसाठी आणलेल्या चकल्या टेबलावर ठेवल्या.

हिवाळ्यात पुन्हा महिन्याच्या जेवणाचं निमंत्रण आलं. या वेळी भाऊंकडे, सगळं शाकाहारी. मी गेले. कच्च्या केळ्याची भाजी नेली, आमच्याकडे करतात तशी, भरपूर ओलं खोबरं घालून. ती संपली. जेवताना एक नव्याने आलेली मुलगी माझ्या शेजारी बसली होती. नुकतं लग्न होऊन आलेली, तिला काही माहीत नव्हतं. तिने सहज विचारलं, “ताई, तुमच्याकडे ईस्टरला काय करतात?”

भाऊंच्या हातातला डाव हवेत राहिला. केक करतो म्हणून सांगता आलं असतं, आणि केक करतोच आम्ही.

“खारं बीफ,” मी म्हणाले. मग नीट सांगितलं. छातीचा तुकडा घ्यायचा, मांडीचा नाही. काट्याने टोचून मिठात मुरवायचा, रोज उलटायचा, मंद आचेवर ठेवायचा आणि आडवा कापायचा. ती मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. एक-दोघं ताटाकडे बघत राहिले. भाऊंनी आमटी वाढली, आधी तिला, मग मला.