दोराच्या खालच्या टोकाला कोणी नाही

गेन्रिख जर्मनीला गेला आणि त्यानंतरचे सहा रविवार तोक्तार घरातच बसून राहिला.

तोक्तार अल्माटीत लिफ्ट दुरुस्त करायचा. वय छप्पन्न. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी अस्तानात तिच्या संसारात. चोवीस वर्षं त्याचा रविवार म्हणजे इली नदीकाठचे काळे कडे आणि गेन्रिख. एक चढायचा, दुसरा खाली उभा राहून दोर धरायचा. बोलणं फारसं नसायचंच. "धरलास?" "धरला." एवढ्यावर दिवस निघून जायचा. गेन्रिखच्या आजोबांना, जर्मन वंशाचे म्हणून, युद्धाच्या काळात मालगाडीत कोंबून व्होल्गाकाठून इथल्या माळावर आणून सोडलं होतं. आता गेन्रिखची मुलं आजोबांची भाषा बोलणाऱ्या देशात स्थायिक झाली होती, तेव्हा म्हातारपणी तोही बायकोला घेऊन निघाला. विमानतळावर तो म्हणाला, "कोणीतरी चांगला जोडीदार बघ." जोडीदार म्हणजे बाजारात मिळणारी वस्तू असल्यासारखं.

तोक्तारने बघितलाही. कामावरून सुटल्यावर शहरातल्या चढाईच्या हॉलमध्ये तो दोनदा जाऊन आला. पोरं चांगली होती, 'आगा, आगा' म्हणत मान द्यायची. पण त्यांचा दोर धरताना त्याचे हात घट्ट असायचे आणि त्याचा दोर ती धरायची तेव्हा त्याला सारखं खाली बघावंसं वाटायचं. तिसऱ्यांदा तो गेला नाही.

सातव्या आठवड्यात तो चढाईच्या सामानाच्या दुकानात गेला. दुकान दिलनाराचं. ती स्वतः चढणारी, जिभेला धार.

"वरून दोर सोडून एकट्याने चढायचंय," तो म्हणाला. "माझ्याबरोबर दोरावरून वर सरकेल आणि पडलो तर घट्ट चावेल, अशी पकड दाखव."

"एकट्याने? आगा, जगात माणसं संपली का?"

"माझ्यापुरती संपली."

दिलनाराने हसू आवरलं आणि काचेवर एक दातेरी पकड ठेवली. तिच्याशेजारी तसलीच दुसरी. "दोन लागतात. एक दगा देईल तर दुसरी."

तोक्तारने दोन्ही उचलून दाबून, उघडून बघितल्या. मग एक परत सरकवली. "सारख्या नकोत. जी धूळ हिला अडवेल तीच दुसरीलाही अडवेल. ही दातांची राहू दे. दुसरी दे दोर चिमटणारी, बिनदातांची."

"हे कोणी शिकवलं?"

"तीस वर्षं माणसांना नवव्या मजल्यावर पाठवतोय. लिफ्टचा दोर तुटला तर रूळ धरणारी यंत्रणा वेगळीच असते, ती दोराच्या भरवशावर नसते."

"मग दोरही दोन घ्या ना."

त्याने तेही केलं. कमी ताणणारे दोन दोर, पकडी पट्ट्याला अडकवायला रुंद पोटाचे लॉकवाले कॅरॅबिनर, कड्याच्या धारेवर दोराखाली घालायला जाड कापडी नळी. तो पैसे देत असताना दिलनारा अचानक मऊ झाली. "आगा, जमिनीपासून हातभर वर लटकून बघा आधी. दहादा. आणि दोराला खाली वजन बांधा, नाहीतर पकड सरकणार नाही."

"बांधतो."

"मी येऊ का एखाद्या रविवारी?"

"तुझं दुकान उघडं असतं रविवारी," तो म्हणाला. खरं तर त्याला हो म्हणायचं होतं.

पुढचे दोन महिने तो एकट्याने चढला. मागच्या वाटेने माथ्यावर जायचं, खडकातल्या दोन खिळ्यांना आणि एका मोठ्या धोंड्याला मिळून दोर बांधायचे, खाली येऊन टोकांना पाण्याचे कॅन अडकवायचे, लटकून बघायचं, मग चढायचं. फोनवर गेन्रिखला मात्र तो सांगायचा, "हॉलमधली पोरं येतात बरोबर. बरी आहेत." उगाच म्हाताऱ्याच्या जिवाला घोर कशाला.

जूनमध्ये एका रविवारी सकाळी वारा होता, म्हणून त्याने जाकीट काढलं नाही. पंधरा मीटरवर एक निसरडी पायरी आली. तिच्यावरून पाय सुटला. छातीवरच्या पकडीने चावायला हवं होतं. ती चावली नाही, दोरावरून नुसती घसरली. जाकिटाची नाडी तिच्या दातांत गेली होती. त्याच क्षणी दुसऱ्या दोरावरच्या खालच्या पकडीने कमरेला हिसका दिला. तो थांबला. जेमतेम अर्धा मीटर पडला होता.

तो तसाच लटकत राहिला. खालून कोणीतरी ओरडेल, "काय झालं रे?", याची तो वाट बघत होता, हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं. खाली नदी होती. पलीकडच्या काठावर कोणाच्या तरी मेंढ्या होत्या. कॅन वाऱ्याने खडकावर टकटक करत होते.

मग त्याने नाडी ओढून काढली, पाय पायरीवर टेकवून भार हलका केला, उतरायचं यंत्र दोरात घातलं आणि जमिनीवर आला. थर्मासमधला चहा ओतून बाजूला ठेवला. त्याने फोन उचलला.

"गेन्रिख, पोरंबिरं कोणी येत नाहीत," तो म्हणाला. "मी एकटाच चढतो." आणि सगळं सांगितलं.

गेन्रिखने आधी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग विचारलं, "आज तू कुठे आहेस आणि कधी परतणार, हे कोणाला ठाऊक होतं?"

"कोणालाच नाही."

"मग गाढवा, कसल्या तुझ्या दोन पकडी! हात मोडून तिथेच लटकला असतास तर? गिधाडांनी कळवलं असतं का मला?"

लगेच त्याने नियमच घालून दिला.

"निघताना फोन करायचा. उतरल्यावर करायचा. संध्याकाळी पाचपर्यंत आला नाही तर मी तुझ्या मुलीला आणि बचाव पथकाला उठवीन."

"निघताना म्हणजे तुझ्याकडे पहाट असेल."

"असू दे. म्हाताऱ्याला झोप कुठे असते!"

तसंच चालू झालं. जाकीट गाडीत राहू लागलं. सुरुवातीला फोन लांबायचे. पुढे एका मिनिटावर आले. कधी गेन्रिखची बायको फोन उचलायची आणि "सांगते हं" म्हणायची. गेन्रिखच्या बोलण्यात आता तिकडचे शब्द यायचे आणि तोक्तार ते न समजताच सोडून द्यायचा.

सप्टेंबरच्या शेवटी तोक्तार डावीकडची लांब भेग चढला. दोघांपैकी कोणालाही ती कधी पुरी जमली नव्हती. उतरून त्याने फोन लावला तेव्हा तिकडे नातवाचा वाढदिवस होता, मागे मुलं किंचाळत होती.

"उतरलो."

"बरं झालं. कुठून चढलास?"

"डावीकडची भेग. एकदाही न लटकता."

मुलांचा आवाज दूर गेला. गेन्रिख बहुधा दुसऱ्या खोलीत गेला असावा.

"मला बघायचं होतं रे ते," तो म्हणाला.

"बघण्यासारखं काय होतं त्यात? एक म्हातारा, हळूहळू वर गेला."

"तिथे असतो तर मीही चढलो असतो. माझ्यासाठी दोर धरला असतास ना?" गेन्रिखने विचारलं.

"धरला असता."

मग कोणीतरी गेन्रिखला केक कापायला बोलावलं. तोक्तार उठला आणि दोर गुंडाळायला लागला. दोन लांब दोर एकट्याने गुंडाळायला बराच वेळ लागतो. ते गाडीत टाकून तो निघाला तेव्हा नदीवर सावली आली होती.