मामांचं ऊन

थंडीला भिणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण थंडीवर रुसून राहतं घर विकून टाकणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. तरुणपणी साताऱ्याहून आले ते दोन-तीन वर्षांसाठी, आणि पेन्शनीत निघेपर्यंत राहिले. पण इथल्या हवेशी त्यांनी एक दिवससुद्धा तह केला नाही. "इंग्लंडात ऊन नसतं, जावईबापू, नुसता उजेड असतो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ऐकलं आणि पुढे दर भेटीत ऐकत आलो. घरात हीटिंग चालू, तरी डोक्याला माकडटोपी, तिच्यावर मफलर आणि कमरेला गरम पाण्याची पिशवी बांधून ते सोफ्यावर बसत आणि टीव्हीवरच्या हवामानवाल्याशी भांडत. तो बिचारा "ब्राइट स्पेल्स", म्हणजे अधूनमधून ऊन, म्हणाला की मामा खिडकीकडे बोट करून "कुठं? दाखव मला" म्हणत. भूल देताना पेशंटला उलटे आकडे म्हणायला लावायची रीत आहे. मामांनी ती मोडीत काढली होती. ते पेशंटला म्हणत, "एखाद्या छान गरम जागेचा विचार करा." पेशंट गुंगीत जात असताना खरं समाधान मामांच्याच चेहऱ्यावर दिसायचं, असं त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका नर्सबाईंनी मला सांगितलं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मामा निवृत्त झाले आणि त्यांनी घर विकून मोटरहोम घेतलं. मागे बिछाना, ओटा, संडास आणि देवघराएवढा फ्रिज असलेली एक लांबलचक गाडी. उन्हाळ्यात इंग्लंडभर फिरायचं आणि दिवाळी आटोपली की प्लिमथहून बोटीत गाडी घालून थेट दक्षिण स्पेनमध्ये, अल्मेरियाच्या वाळवंटात जाऊन बसायचं, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायचं, असा बेत. तिथल्या मराठी मंडळात बातमी फुटली तेव्हा लोकांना वाटलं, मामा कशात तरी बुडाले. एका बाईंनी तर मामींच्या पाठीवरून हात फिरवून, "काही लागलं तर मोकळेपणी सांगा हं," म्हटलं. मामी "एक इडलीपात्र लहान मिळालं तर बघा, मोठं कपाटात मावत नाही," एवढंच म्हणाल्या.

मामींना इंग्लंडातली थंडी कधी बाधली नाही. त्यांचं दुःख एकच होतं, आणि ते वाळवणाचं होतं. कुरडईवाचून पाडव्याचं ताट त्यांच्या दृष्टीनं ताटच नव्हे, आणि नॉटिंगहॅममध्ये कुरडई वाळेना. त्यांनी रेडिएटरवर घालून पाहिल्या, त्या रेडिएटरलाच चिकटल्या. मग गरम पाण्याच्या टाकीवरच्या कपाटात, मामांच्या मोज्यांशेजारी घातल्या. त्या वाळल्या, फुलल्याही, पण खाणाऱ्याला मोज्यांची आठवण यायची. तेव्हा घर विकायचा विषय काढताना मामांनी नवरेपणाची सगळी हुशारी पणाला लावली. "अगं, मी तुला ऊन देतो. साताऱ्यासारखं. गाडीच्या टपावर हव्या तेवढ्या कुरडया घाल." मामींनी जरा वेळ विचार केला आणि आमच्यासमोर अट घातली, "चालेल. पण ज्या वर्षी कुरडई फुलणार नाही, त्या वर्षी मला घर घ्यायचं. दाराला नंबर असलेलं. तेव्हा मग थंडीचं रडगाणं नको." मामांनी तिथल्या तिथे टाळी दिली. आमचं घर ब्रिस्टलला, म्हणजे जाता-येता त्यांच्या वाटेवर. त्यामुळे परतीच्या वाटेवर पहिली कुरडई आमच्या कढईत पडायची आणि निवाडाही तिथंच व्हायचा, असं ठरलं.

तेव्हापासून वर्षातून दोनदा मामांचं घर आमच्या दारात येऊन उभं राहू लागलं. आमची लेक मीना तेव्हा लहान होती. खिडकीत उभी राहून ती ओरडायची, "आई, मामाआजोबाचा घर आला." गाडी आमच्या ड्राइव्हवर, म्हणजे घरापुढच्या गाडी लावायच्या जागेत, जेमतेम मावायची, तिचं ढुंगण फुटपाथवर. मामा उतरायचे, एक भलीमोठी वायर आमच्या दारातल्या लेटरबॉक्सच्या फटीतून आत सरकवायचे आणि माझ्या विजेवर त्यांची किटली चालू झाली की मग बेल वाजवून आम्हांला भेटायचे. आमच्या घरात झोपायला ते कधी तयार झाले नाहीत. "आम्ही पाहुणे नाही, शेजारी आहोत," म्हणत. उलट रात्री आमच्याकडे जेवून निघताना हिला म्हणायचे, "कधी वेळ काढून घरी या ना चहाला." ही खरोखर साडी बदलून ड्राइव्हवर चहाला जायची. आमच्या पलीकडच्या इंग्रज बाईंना लेटरबॉक्समधली वायर पाहून वाटलं की गाडीतल्या गृहस्थांना कसलंसं वैद्यकीय यंत्र लावलंय. त्या रोज मामांची चौकशी करत. मामाही खोल आवाजात "बेअरिंग अप", म्हणजे सोसतोय कसंबसं, म्हणून सांगत.

मामांनी गाडी ऑपरेशन थिएटरसारखी ठेवली होती. प्रत्येक चमच्याला जागा, आणि मामींनी झारा चुकीच्या खणात ठेवला तर मामा काही न बोलता उचलून योग्य खणात ठेवत आणि दोन्ही हात वर धरून उभे राहत. गाडी सुरू करण्याआधी तपासणी. मामा स्टिअरिंगवर बसून मोठ्यानं विचारत आणि मामी शेजारून उत्तर देत. "गॅस?" "बंद." "फ्रिजचं दार?" "लावलंय." "पायरी?" "आत घेतलीय." "देव?" "झोपवलेत." देव म्हणजे डबीत कापसात गुंडाळलेला गणपती. एवढं झाल्याशिवाय इंजिन लागायचं नाही, मग मागे दहा गाड्या भोंगे वाजवोत.

त्यांच्या वाळवंटात आम्ही एकदा ख्रिसमसच्या सुट्टीत गेलो होतो. उघडेबोडके पिवळे डोंगर, आणि मधल्या सपाटीवर इंग्रज, जर्मन, डच म्हाताऱ्यांच्या गाड्या ओळीनं लागलेल्या. सगळे थंडीचे पळपुटे. मामा अर्धी चड्डी आणि माकडटोपी घालून आमच्या स्वागताला आले. टोपी का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "उन्हासाठी. टोपीलाही कळू दे जरा." कुरडयांचा उद्योग तिथं किती पसरला होता ते आम्ही स्वतः पाहिलं. गहू भिजत घातले की तिसऱ्या दिवशी जो आंबूस वास सुटतो, त्यानं पहिल्याच वर्षी शेजारचा जर्मन म्हातारा हैराण झाला होता. त्याला वाटलं, मामांच्या संडासाची टाकी फुटली. सभ्य माणूस, बोलला काही नाही, नुसता स्वतःची टाकीसाफीची पावडर घेऊन आला आणि मामांच्या पायरीवर ठेवून गेला. मामींनी त्याला बोलावून वाटीभर गरम चीक साखर घालून दिला. पुढल्या वर्षीपासून तो गहू कधी भिजणार हे विचारत येऊ लागला आणि सोऱ्या दाबायचं कामही त्यानं आपल्याकडे घेतलं, कारण त्याचे दंड मामांच्यापेक्षा जाड होते. मामांकडे राखणीचं काम. टपावर शिडीनं चढून कापडावर कुरडया पसरायच्या आणि खाली खुर्ची टाकून, हातात काठी आणि डोक्यावर काळी छत्री घेऊन चिमण्या हाकायच्या. कुरडई किती वाळली हे मामा बोटानं नाही, कानानं ओळखत. दोन कुरडया एकमेकींवर टिचकीनं वाजवायच्या आणि डोळे मिटून ऐकायचं. "अजून एक दिवस," ते म्हणायचे, आणि त्यांचं कधी चुकायचं नाही. चुकून चालणारच नव्हतं, कारण चुकलं की घर घ्यावं लागणार होतं.

आणि एका वर्षी अघटित घडलं. गॅसची टाकी संपली म्हणून मामा गाडी घेऊन जवळच्या गावात निघाले. तपासणी झाली. गॅस, फ्रिज, पायरी, देव. टपाचं नाव त्या तपासणीत कधी नव्हतंच. वर मोसमभराच्या कुरडया कापडावर उन्हं खात पडलेल्या, आणि मामांनी गाडी सोडली ती डोंगरउताराच्या रस्त्याला. मागून येणाऱ्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या, दिवे दाखवू लागल्या. मामा मामींना म्हणाले, "बघ, इथं किती ओळखी झाल्यात आपल्या," आणि खिडकीतून हात हलवत राहिले. गावात पोचले तेव्हा टपावर एकही कुरडई नव्हती, नुसतं कापड मागे लोंबत होतं. परतताना रस्त्यावर जागोजाग चुरा, आणि मामा ज्यांच्यापासून महिनाभर त्या राखत होते, त्या चिमण्यांची पंगत बसलेली.

त्या पाडव्याला गाडी आमच्या दारात आली तेव्हा मामांनी वायरसुद्धा काढली नाही. सरळ आत येऊन बसले आणि म्हणाले, "जावईबापू, इकडे घरांचा एजंट चांगला कोण आहे?" त्यांचं इतकं पडलेलं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. ही मात्र मनातून खूश झाली होती, मामींना एकदाचं घर मिळणार म्हणून. तेवढ्यात मामींनी पिशवीतून पत्र्याचा एक डबा काढला आणि हिच्यापुढे ठेवला. "पहिल्या घाण्यातल्या थोड्या मी पुढच्या काचेमागे वाळत टाकल्या होत्या. टपावर जागा नव्हती." कढईत पडताच कुरडई पांढरीशुभ्र फुलून काठाबाहेर आली. मामा उठले, आणि जाऊन लेटरबॉक्समधून वायर आत सरकवली. स्वयंपाकघरात दोघीच असताना हिनं मामींना विचारलं, "मामी, तुम्हांला घर हवं होतं ना?" मामी म्हणाल्या, "हवंच आहे गं. पण असं पडल्या तोंडानं दिलेलं घेऊन मी काय करू? रोज तेच तोंड बघायचं त्या घरात." तपासणीत "टप?" हा प्रश्न त्या वर्षीपासून आला.

असे दहा-अकरा हिवाळे गेले. मामींचे गुडघे गेले. मोटरहोमची पायरी उंच. मामांनी तिच्याखाली एक लाकडी खोकं ठेवलं, मग त्याखाली आणखी एक. मामी दांडी धरून, ओठ मिटून चढायच्या, आणि मामा मागे दुसरीकडेच बघत उभे राहायचे, पण त्यांचा एक हात मामींच्या पाठीशी तयार असायचा. मी एकदा बोलून गेलो, "मामा, आता घराचं बघायला हवं." मामा म्हणाले, "विचारलं मी. 'माझ्यासाठी नको' म्हणते. 'कुरडई फुलतेय ना अजून?' म्हणते." आणि बराच वेळ गाडीच्या टपाकडे बघत बसले.

पुढच्या पाडव्याला गाडी आली. हिनं कढई ठेवली. पहिली कुरडई तेलात पडली आणि तळाशी जाऊन बसली. तांबूस झाली, पण फुलली नाही. दुसरी टाकली, तीही तशीच. मामा घसा साफ करून म्हणाले, "यंदा ऊनच पडलं नाही. वाळवंटात ढग, आता काय सांगायचं. हरलो मी." आवाज चांगला गंभीर काढला होता. पण चेहऱ्याचं काय करणार? उन्हानं रापून मामा गुळाच्या ढेपेसारखे झाले होते आणि नाकावरचं कातडं सोलवटून निघत होतं. मी हिच्याकडे पाहिलं, हिनं माझ्याकडे. मामी मामांच्या नाकाकडे पाहत होत्या. टिचकी मारून कुरडई ऐकणारा तो माणूस कच्चा माल डब्यात भरून का आणतो, हे त्यांना आमच्याआधी कळलं असणार. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, नाकाला जरा कोल्ड क्रीम लावा. साल निघतंय." मग कढईतली ती न फुललेली कुरडई ताटात घेऊन त्यांनी कडाकडा चावून सगळी खाल्ली.

नॉटिंगहॅमला तळमजल्यावरचा एक फ्लॅट मिळाला, दाराला नंबर असलेला. मामांनी गाडी विकली नाही, ती खिडकीखाली उभी आहे. थोडा उजेड पडला की मामा माकडटोपी घालून स्टिअरिंगवर जाऊन बसतात. आम्ही गेल्या महिन्यात गेलो तेव्हा मामी काठी टेकत चहाचा कप घेऊन गाडीपाशी गेल्या. त्यांना वर चढता येत नाही, म्हणून मामांनी खिडकीची काच खाली करून हात बाहेर काढला. मला वाटलं, आता थंडीवर काहीतरी ऐकू येणार. पण घर घेतल्यापासून मामांनी टाळी देऊन दिलेला शब्द पाळलाय. त्यांनी कप घेतला, पुढच्या काचेतून समोरच्या करड्या आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज ऊन बरं आहे." मामी म्हणाल्या, "हो, चांगलं आहे." बाहेर बारीक पाऊस पडत होता.