मी पुसलेला तंबोरा

गुरुजींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "सुधाकर, तंबोरा कुठी गेला?"

मला प्रश्नच कळला नाही. फाईल तर नीट चालू होती.

"कोणता तंबोरा, गुरुजी?"

"मांगं वाजून राह्यला होता ना. आता नुसता माझा गळा ऐकू येते."

माझ्या हातून काय झालं होतं, ते त्या क्षणी मला समजलं. पुढच्या मिनिटभरात मी जे केलं, ते सांगायला हे लिहितो आहे.

माझं रिसोडला मंडप-साऊंडचं दुकान आहे. लग्न, वाढदिवस, नेत्यांच्या सभा, सगळीकडे माझे स्पीकरचे बॉक्स लागतात. फावल्या वेळात मी लोकांच्या जुन्या कॅसेटी पेन ड्राईव्हवर उतरवून देतो. लोक बारशाच्या, भजनाच्या, गेलेल्या माणसांच्या कॅसेटी आणतात.

वानखडे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. तरुणपणी इंझोरीला नोकरीवर असताना ते गाणं शिकले. त्या काळात घरीच टेपरेकॉर्डर लावून भरलेली एक कॅसेट त्यांच्याकडे होती. ती त्यांनी मला दिली आणि म्हणाले, "उतरवून झाली की तुझ्यापाशीच राहू दे. माझा टेप कवाचाच बंद पडेल हाये." मग ते आठवडाभर लेकीकडे वाशिमला गेले.

कॅसेट उतरवायला शॉर्टकट नसतो. तासाची कॅसेट तासभरच वाजवावी लागते आणि पट्टी अडकू नये म्हणून शेजारी बसावं लागतं. मी शास्त्रीय गाणं कधी ऐकलं नव्हतं. टीव्हीवर लागलं तर चॅनल बदलणारा माणूस मी. पहिली बाजू मोबाईल बघत काढली. दुसऱ्या बाजूला मोबाईल कधी खाली ठेवला, ते कळलं नाही. गुरुजी एकाच सुरापाशी परत परत येत होते, आणि दर वेळी वाटायचं, आता पुढं काय करतील? तो भूप राग होता, हे फार नंतर कळलं. कॅसेट संपल्यावर मी ती पुन्हा लावली. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी थांबायला सांगितलं.

एवढं आवडलं, म्हणूनच बिघडलं. मला वाटलं, इतकं चांगलं गाणं आहे, तर ते चकचकीत करून द्यावं. गाण्याच्या मागं सतत एक गुं-गुं आवाज होता. आमच्या धंद्यात असा एकसारखा आवाज म्हणजे दोष. अर्थिंग नीट नसलं, वायर खराब असली की बॉक्समधून तो येतो. त्याला आम्ही 'हम' म्हणतो. वीस वर्षं मी हमच्या मागं लागलेलो आहे.

तो काढायला सॉफ्टवेअर असतं. नुसता हम असलेला एक तुकडा त्याला दाखवायचा, मग ते सगळ्या फाईलमधून तसा आवाज पुसून टाकतं. गुरुजी गायला लागण्याआधी मिनिटभर नुसतं गुं-गुं होतं. मी नेमका तोच तुकडा दाखवला. तो तंबोरा होता. गाणारा ज्याच्यावर सूर ठेवतो, ते वाद्य. मला ठाऊक नव्हतं.

हे सगळं मी मूळ फाईलवरच केलं आणि त्याच नावानं सेव्ह केलं. वर साऊंडवाल्यांच्या ग्रुपवर एक तुकडा टाकला. "ऐका कधीतरी असं पण," असं खाली लिहिलं. "एकदम क्लीन, भाऊ," असं सगळ्यांनी लिहिलं. मी दोन दिवस खूश होतो.

दरम्यान माझा मेहुणा ज्ञानेश्वर केनवडहून आला. आसपास सगळा हरभरा आणि मधे त्याची एकट्याची ज्वारी, त्यामुळे गावातली सगळी पाखरं त्याच्याच कणसांवर. कॅसेटची पट्टी काठ्यांना ताणून बांधली की ती उन्हात चमकते, वाऱ्यावर गुणगुणते आणि पाखरं बिचकतात. दर वर्षी तो माझ्याकडून टाकाऊ कॅसेटी नेतो. या वेळी पिशवीत गुरुजींची कॅसेटही गेली. फाईल झाली, आता ती काय कामाची, म्हणून मीच टाकली होती.

तर गुरुजी समोर बसले होते आणि तंबोरा कुठं गेला, असं विचारत होते.

मी म्हणालो, "गुरुजी, कॅसेट जुनी होती. पट्टी खराब झाली असंल."

"अशी कशी खराब झाली?"

"उन्हात राह्यली की होते तसं."

गुरुजी विचार करू लागले. "वैशालीनं दिवाळीत कॅसेटची पेटी बाहीर काढली होती खरी."

वैशाली म्हणजे त्यांची सून. मी तिथंच थांबू शकलो असतो. मी म्हणालो, "मंग तेच झालं असंल."

गुरुजींनी हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "गाण्याचं काही नाई रे. माझं गाणं कोण ऐकते? तंबोरा तिचा होता. माझ्या बायकोचा. तिचा फोटो हाये, आवाज नाई. लोकाईसमोर ती कधी बोललीच नाई, गाणं तर दूर. तेवढं एक वाजवलं तिनं." उठताना म्हणाले, "कॅसेट दे मंग. घरी असू दे."

"शोधून ठेवतो," मी म्हणालो.

पुढचे पंधरा दिवस मी मोबाईलवर शास्त्रीय गाणी ऐकत होतो. आधी आवडीनं, नंतर शिक्षा म्हणून. प्रत्येक गाण्यात आता मला पहिला तंबोराच ऐकू यायचा. मग मी गुरुजींची फाईल लावायचो. त्यात त्यांचा आवाज पायाखालची फळी काढून घेतल्यासारखा वाटायचा. जितकं गाणं कळत होतं, तितकी आपण केलेली नासधूस जास्त कळत होती. बाजारात गुरुजी लांबून दिसले, तर मी गल्ली बदलायचो.

शेवटी केनवडला गेलो. ज्ञानेश्वर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला होता.

"भाऊजी, ज्वारी पाहाले आले, का पाखरं?"

"पट्टी सोडाले आलो."

"काहून? पाखराईनं अर्ज केला का?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो हसायचा थांबला. "अन् त्या म्हाताऱ्याले सांगितलं का?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. तो उठून काठ्या उपटू लागला.

सगळ्या पट्ट्या सारख्याच तपकिरी. कोणती कोणाची, कळायला मार्ग नाही. सगळ्या गोळा केल्या, पिशवीत भरून आणल्या. गुंता सोडवायचा, तुकडे चिकटपट्टीनं जोडायचे, रिकाम्या कॅसेटीत गुंडाळायचे आणि वाजवून पाहायचे. कुठं भजन निघालं, कुठं वरातीचा बँड. आठ दिवसांनी एका तुकड्यात तंबोरा सापडला. पट्टी ताणली गेल्यामुळं सूर डुलत होता. मिनिटभर नुसता तंबोरा, मग गुरुजींचा पहिला सूर, आणि तुकडा संपला. बाकीची पट्टी तुटून, चुरगळून गेली होती. या वेळी मी काहीही साफ केलं नाही.

गुरुजींच्या घरी जाऊन आधी सगळं सांगितलं, मग ते मिनिट ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"एक तार उतरेल होती त्या दिवशी," ते म्हणाले. "मी तिले बोललोही होतो."

मग डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. "पट्टीले ऊन लागलं म्हणला होता तू."

"खोटं बोललो, गुरुजी."

"अन् मी इकडे सुनेशी बोलणं सोडलं. मले काय सांगतं? तिले सांग." त्यांनी आत पाहून हाक मारली, "वैशाली, इकडे ये बाई."

वैशाली पदराला हात पुसत आली आणि दारातच थांबली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. फाईल, कॅसेट, ज्वारी, आणि ऊन. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पेटी मी उन्हात ठेवलीच नव्हती, भाऊ. ओसरीत होती, सावलीत. मामाजीले दोनदा सांगितलं. मंग मलेच वाटाले लागलं, की ठेवली असंल आपण उन्हात, आपल्याच ध्यानात नसंल."

ती चहा ठेवायला आत गेली. तो चहा मी प्यायलो. नाही म्हणायची हिंमत नव्हती.

गुरुजी ते एक मिनिट रोज ऐकतात, असं कळतं. माझ्या दुकानात ते परत आले नाहीत. मी अजून गाणं ऐकतो, पण ग्रुपवर टाकत नाही. आता मूळ फाईलला हात लावत नाही. आधी कॉपी करतो, मग काम. कॅसेट गिऱ्हाईकाच्या हातात परत देतो, नको म्हणाला तरी. कॉपी करायला दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी खरं सांगायला तेवढीही लागली नसती.