आभार मानायला बोलावलेली योगिनी

योगिनी कोपरला पार्लर चालवते. हात हलका, पण राग नाकावर. मूल होत नव्हतं तेव्हा नातेवाइकांचे टोमणे ऐकून तो आणखीच वाढला. शेवटी ठाण्याच्या एका हॉस्पिटलात टेस्ट ट्यूबच्या उपचारांनी सान्वी झाली. उपचारात तयार झालेले बाकीचे भ्रूण तिथेच गोठवून ठेवलेले.

गेल्या वर्षी हॉस्पिटलने लोकसंवाद ठेवला. असे उरलेले भ्रूण संशोधनाला वापरावेत का, कुठवर वापरावेत, यावर लोकांचं मत घ्यायचं होतं म्हणे. योगिनीला स्टेजवर बसवलं. तिने आभाराचे दोन शब्द बोलायचे, एवढंच ठरलेलं.

माइक हातात येताच तिने विचारलं, "हे नियम कोण ठरवणार?"

"समिती," तिच्यावर उपचार केलेले डॉक्टर हसून म्हणाले. "तुमची संमती घेऊच की."

"समितीत आमच्यातलं कोण आहे?"

"ताई, विषय जरा तांत्रिक आहे."

"मग लोकसंवाद कसला? शोभेला बसवलंय का मला?"

कोणीतरी माइक काढून घेतला आणि हातात पुष्पगुच्छ दिला. तो खुर्चीवर आपटून ती खाली उतरली.

बाहेर आल्यावर नवरा विनीत चिडला. "अगं, त्या माणसामुळे आपल्याला मुलगी झाली. त्याचीच अब्रू काढलीस?"

"म्हणून तोंड शिवून बसू? इंजेक्शनांनी माझ्या अंगाची चाळण झालेली तिथे. उपकार नव्हते ते!"

विनीत बरेच दिवस धुसफुसत राहिला. योगिनीने मात्र उपचारांच्या वेळी ओळख झालेल्या बायकांना फोन केले. पार्लरच्या सुट्टीच्या दिवशी त्या जमल्या आणि कडाकडा भांडल्या. एक म्हणाली, फेकून देण्यापेक्षा संशोधन होऊ दे, दुसऱ्या कुणाची कूस उजवेल. सुनेसोबत आलेल्या रंगूबाई म्हणाल्या, "जीव हाय तो. हात लावायचा न्हाय."

"मला तरी कुठे नक्की कळतंय?" योगिनी म्हणाली. "पण हे भांडण त्यांच्यासमोर व्हायला पाहिजे."

सगळ्याजणी हॉस्पिटलात जाऊन बसल्या. पुन्हा पुन्हा गेल्या. अखेर समितीत एक जागा मिळाली. बोलायची मुभा, मत द्यायचा हक्क नाही. रंगूबाईंनी योगिनीलाच पुढे केलं.

पहिल्या बैठकीला विनीतने तिला स्कूटरवरून सोडलं. आत सगळं इंग्रजीत सुरू झालं. योगिनी उभी राहिली. "मराठीत बोला. नाहीतर प्रत्येक वाक्याला थांबवीन."

तोंडं वाकडी झाली, पण ते मराठीत बोलायला लागले. मताचा हक्क अजून मिळालेला नाही. प्रत्येक बैठकीत ती तो मागते, आणि तो विषय पुढच्या वेळेवर ढकलला की घरी येऊन भांडी आदळते.