मेंदी वाळायच्या आधी
ओल्या मेंदीचा वास आला की मला साठच्या दशकातलं, आखातातल्या देरा बंदरातलं ते अंगण आठवतं. खाडीचा खारा वारा, शेजारच्या घरातलं लग्न, आणि आम्ही रत्नागिरीकडच्या सात-आठ बायका मेंदीचे हात पसरून बसलेल्या. ढोलकी घेऊन गात होती आमच्यातलीच एक नवी सून, तीही स्वतः रचलेली गाणी. गावाकडच्या लग्नगीताला तिनं सिनेमासारखी चाल लावली होती, आणि गाण्यात काय, तर बोटीवर गेलेल्या नवऱ्याची वाट. आमच्यातल्या थोरल्या खालांनी, म्हणजे मावशींनी, नाक मुरडलं. “आवाज बघ, मांजरीसारखा! आणि सदा आपलं स्वतःचंच रडगाणं.” मला रागच आला. “खाला, स्वतःचं नाही तर काय शेजारणीचं गाणार? एवढ्याशा पोरीनं आणखी पाहिलंय काय?” “तू गप,” खाला म्हणाल्या. तेवढ्यात तिनं ठेका बदलला, गाण्यातल्या नवऱ्याची बोट धक्क्याला लागली, आणि खालांनी फाडकन टाळी वाजवली. एक नाही, चार! दोन्ही तळव्यांवरच्या नक्षीचा नुसता चिखल झाला. आम्ही हसून लोळलो, त्याही हसल्या. आता नातीच्या फोनवर गाणाऱ्या कोवळ्या पोरीला कुणी नावं ठेवली, तर मी वाद घालत नाही. गाणं चालू असताना नावं ठेवणाऱ्याचे हात तेवढे बघते.